डाव्या चेनच्या दोन

नवरा रात्रपाळीचा बसचालक, बायको पहाटेच्या पाळीला बेकरीत. तो घरात शिरायचा आणि ती निघायची. दारात चपला घालता-काढता जे काही बोलणं होईल तेवढाच संसार. पलंग एकच, पण तो बिचारा कधी गार पडला नाही. तिने सोडलेल्या उबेत तो शिरायचा, त्याने सोडलेल्या उबेत ती. यांचं भांडण कधी ऐकू येत नाही, असं शेजारीपाजारी कौतुकाने म्हणत. भांडायला आधी समोरासमोर यावं लागतं, हे त्यांच्या डोक्यात येत नसे.

सायकलवरून हिंडायचं आणि तंबूत मुक्काम करायचा, हे खूळ त्याचं. दोघांची रजा कधी नव्हे ती एकदमच मंजूर झाली आणि त्याला हुरूप चढला. तिला रजा म्हणजे झोप, एवढंच ठाऊक. तंबू घ्यायला दुकानाची पायरी चढतानाच तिने ठरवलं होतं, एक तंबू नको, एकेकट्याचे दोन मागायचे. शेजारी दुसरा जीव असताना झोपायची सवयच उरली नव्हती. हे त्याला सांगायचं कसं, या विचारानेच ती अर्धमेली झाली होती.

दुकानातली बाई स्वतः सायकलवर भटकणारी, उन्हाने रापलेली, तोंडाने फटकळ.

"दोघांचा तंबू म्हणजे दोघं मावतात, इतकंच. कूस बदलायची ती एकमेकांना विचारून. पण सायकलवर हाच परवडतो. दांड्या एकाच्या कॅरिअरला, कापड दुसऱ्याच्या."

"म्हणजे वाटेत भांडलो की दोघंही उघड्यावर," नवरा म्हणाला आणि स्वतःच हसला.

तिने बोलायला तोंड उघडलं, तोवर बाई स्लीपिंग बॅगांकडे वळलीसुद्धा.

"चेन कुठल्या बाजूला हवी?"

"डावीकडे," दोघं एकदमच म्हणाले.

"दोन्ही डाव्या? मग जोडता नाही येणार. एक डावी, एक उजवी घेतली तर दोन्ही मिळून एकच मोठी होते. घरी कोण कुठल्या बाजूला झोपतं?"

"डाव्या," पुन्हा दोघं.

बाईला काही उमगेना. पलंगाची उजवी बाजू भिंतीला टेकलेली. एकट्याने झोपायचं तर उतरायला डावीच सोयीची. गादीला खड्डा पडला होता तोही एकच, दोघांचा मिळून. बाईने दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि दुसरा रंग दाखवते म्हणून ती आत गेली.

नवरा बराच वेळ हातातली चेन वरखाली करत राहिला.

"अगं, एकेकट्याचे दोन तंबू घेऊ या का?" तो हळूच म्हणाला. "तुझी झोपमोड नको. दमलेली असतेस."

तिला हवं होतं तेच तो म्हणाला, आणि तिला भडभडून आलं. एवढा शहाणा, एवढा समजूतदार माणूस, आणि तो घोरतो की नाही हेही तिला सांगता आलं नसतं. तिला त्याचा राग आला, स्वतःचा आला, बेकरीचा तर आलाच.

बाई बाहेर आली.

"तंबू एकच द्या," बायको तिला म्हणाली. "आणि बॅगांमधली एक उजव्या चेनची."

"तुला लागेल का उजवीकडे झोप?" त्याने विचारलं.

"नाही लागली तर तुम्हाला उठवीन," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत एकदाही उठवलेलं नाही."