शुक्रवारच्या सहा ओळी

मी पाटी बोलतेय. दगडाची पाटी. त्या पांढऱ्या चकचकीत फळ्यांशी माझं काही नातं नाही, हे आधीच सांगून ठेवते. जन्मभर लोकांनी माझ्या अंगावर लिहिलं आणि मी गप्प राहिले. आता थकलेय, आणि थकलं की तोंड सुटतं.

खाणीतून निघाले तेव्हा मी एका भल्यामोठ्या शिळेचा तुकडा होते. मला कापलं, घासलं, कडा बोथट केल्या आणि लाकडी चौकटीत बसवलं. हातभर रुंद, दीड हात उंच. मग एका शाळेच्या भिंतीवर चार वर्षं काढली. पोरं शिकली ते मीही शिकले. चौथ्या वर्षी खिळा निसटला, मी खाली आले, वरच्या कोपऱ्याचा टवका उडाला आणि शाळा सुटली. माझी, कायमची. पुढचं सगळं मी अंगावर लिहिलेलं वाचत वाचत स्वतःच शिकले. त्याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

मोडक्या बाकांबरोबर मला विकत घेतलं ते एका दुकानदारानं. सिनेमाच्या डिस्क आणि कादंबऱ्या भाड्यानं द्यायचं त्याचं दुकान. खाली दुकान, वर दोन खोल्यांचं घर. दाराशी, आत येताना डाव्या हाताला त्यानं मला टांगलं आणि लिहिलं, ‘जेवायला गेलोय’. सहा महिने तेवढंच. दुपारी मला पालथं-उलथं करायचं, बाकी वेळ मी भिंतीकडे तोंड करून. माणसानं वेडं व्हायचं ते अशानंच.

मग एका शुक्रवारी मावशी आली.

मावशी म्हणजे तीन दारं सोडून बसणारी शिवणवाली. नवे कपडे ती शिवत नाही. कंबर सैल कर, बाही आखूड कर, झिप बदल, असली कामं. साठी केव्हाच उलटलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, गळ्यात टेप. मशीनच्या पुढ्यात छोटा टीव्ही ठेवून दिवसभर डिस्क लावायची आणि जेवणानंतर कादंबरी. त्या दिवशी तिनं डिस्क काउंटरवर आपटली.

“हे काय दिलंस रे? पूल कोसळणार हे डबीवरच छापलंय. कोसळायला दोन तास घेतले. तोवर मी पडद्यांच्या दोन जोड्यांना अस्तर लावलं.”

“मावशी, लोकांना आवडतोय तो.”

“लोकांना कोणी विचारलंय का?”

“मग तुम्हीच लिहा. ती पाटी आहे बघा, रिकामीच असते.”

तो चेष्टेनं बोलला. तिनं खिशातून कापडावर खुणा करायचा चपटा खडू काढला, मला सरळ केलं आणि लिहिलं. सहा ओळी. सातवी मावेना म्हणून सहाच.

तिथून चौदा वर्षं. गुरुवारी नवा माल यायचा, दुकानदार मला पुसायचा. शुक्रवारी मावशी लिहायची, आठवडाभर आधी नेलेल्या डिस्कबद्दल आणि पुस्तकाबद्दल. तो शिवणाचा खडू दगडावरून नीट निघत नाही. कितीही ओलं फडकं मारा, मागची अक्षरं फिकी होऊन राहतातच. माझ्या अंगावर तिची चौदा वर्षांची मतं अशी एकावर एक बसली आहेत.

मतं कसली, फटकेच ते. ‘नायक गरीब म्हणे, आणि शर्टाला कडक इस्त्री. कोण करतं?’ ‘हरवलेली माणसं योगायोगानं भेटतात. मला तीन महिन्यांत छत्री दुरुस्त करणारा भेटला नाही.’ ‘शेवटी कुत्रं मरतं. आधीच सांगते, मागाहून मला बोलू नका.’ या कुत्र्यावरून दुकानदार दोन दिवस फुगून बसला होता. चांगलं म्हणायची तिची पद्धतही तिचीच होती. ‘या सिनेमात माझं मशीन चारदा थांबलं.’ मशीन चारदा थांबणं, म्हणजे चारदा ती काम विसरणं, हा वरचा क्रमांक; पुस्तकांनाही हेच माप. पाचदा एकदाच थांबलं, पण त्यातल्या एका वेळी सुई मोडली होती, हे तिनं प्रामाणिकपणे लिहिलं.

आणखी एक खोड होती तिला. डिस्कवर मूळ सिनेमाखेरीज कापून टाकलेले प्रसंग दिलेले असतात ना, ते ती आधी बघायची. “कातरणावरून कळतं शिवणारा कसा आहे ते,” म्हणायची.

लोक दाराशी थांबून मला वाचत. माणसं मोठी गमतीची. निम्मे तिनं वाखाणलेलं नेत आणि निम्मे मुद्दाम तिनं झोडपलेलं नेत, आणि दोघंही परत आल्यावर म्हणत, “मावशी बरोबर म्हणत होत्या.” ज्यांनी काहीच पाहिलं-वाचलं नाही ते सगळ्यात जास्त वेळ उभे राहत.

आणि दर गुरुवारी, पुसायच्या आधी, वरच्या घरातून वहिनी खाली यायची. वहिनी म्हणजे दुकानदाराची बायको. सकाळी इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या पाळीवर जायची, दुपारी परत. शांत बाई. हातात वही घेऊन माझ्यासमोर उभी राहायची आणि माझ्यावरच्या सहाच्या सहा ओळी उतरवून घ्यायची. मला वाटायचं, बाईला मावशीचं भारी कौतुक. थोडं माझंही असेल, असंही वाटायचं. खोटं कशाला बोलू.

पुढे लोक येईनासे झाले. घरबसल्या सगळं दिसायला लागलं, डिस्क कोण आणणार? दुकानात येणारे उरले ते बोलायला येणारे. मावशी मात्र दर शुक्रवारी. वाचणारे चार असोत की चाळीस, तिच्या ओळी सहा. मला मात्र थकवा यायला लागला तो तेव्हापासून. कोणी वाचत नसलं की पाटीला स्वतःचं वजन कळतं.

अशात एक दिवस काउंटरवर कादंबरीचे गठ्ठे आले. शंभर प्रती. वहिनीनं लिहिलेली. नऊ वर्षं लिहीत होती आणि नवऱ्याखेरीज कोणाला पत्ता नव्हता.

दुकानदार त्या दिवशी नुसता प्रतींवरून हात फिरवत राहिला. मग एक प्रत घेऊन मावशीकडे गेला, आणि तिला घेऊनच परत आला, कारण रस्त्यात बोलायची त्याची छाती झाली नसावी.

“मावशी, या शुक्रवारी…”

“हं.”

“दोन ओळी बऱ्या लिहा. चार जणांनी जरी नेली तरी ती पुन्हा लिहायला बसेल. नाही नेली तर नाही बसायची. मी ओळखतो तिला.”

“म्हणजे वाचायच्या आधीच आवडलीय मला?”

“तसं नाही हो. पण तुमच्या शब्दावर लोक…”

“माझा शब्द चालतो तो मी विकत नाही म्हणून. तू माझ्या पोरासारखा, पण हे पुन्हा बोलू नकोस.”

मावशीनं प्रत काखेत मारली आणि गेली. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. मी काय करणार होते? मला हातपाय नाहीत.

गुरुवारी दुपारी मावशी आली. दुकानात तिसरं कोणी नव्हतं, काउंटरवर वहिनीच बसली होती. मावशीनं पुस्तक समोर ठेवलं. आपटलं नाही, हे माझ्या लक्षात आलं.

“वाचलं?” वहिनीनं विचारलं.

“दोनदा. तुझ्याशी आधी बोलते, मग लिहिते. कोणासाठी असं करत नाही.”

“बोला ना.”

“दोन बहिणी. थोरली धुलाईखान्यात, धाकटी घर सोडून गेलेली. वीस वर्षांनी धाकटी परत येते. आणि थोरली काय करते? ‘ये’ म्हणते. अगं, वीस वर्षं! ना चिडते, ना रडते, ना तिच्या तोंडावर दार लावते. कुठे शिवण उसवलेली नाही, सुरकुती नाही. कपडा बेतशीर आहे ग, पण आत माणूस नाही.”

वहिनी उठली. वर गेली, आणि वह्या घेऊन खाली आली. सात-आठ असतील. एक उघडून तिनं मावशीपुढे धरली.

“हे तुमचंच आहे. चौदा वर्षांचं. रडणारी बाई नको, म्हणालात. मी रडणं काढलं. योगायोग नको, काढले. त्या दोघींचं एक कुत्रं होतं, तेही काढलं. तुम्ही जे जे खोडलंत ते ते मी काढत गेले. तुम्हाला नाव ठेवायला जागाच राहू नये म्हणून.”

मावशीनं चष्मा वर सारला. वहीतली ओळ बोटानं वाचली.

“हे नीट वाच तूच. मी काय लिहिलंय?”

वहिनीनं वाचलं. “‘नायिका शंभर पानं रडते. रडणारी बाई मला चालते, पण हिच्या हातात दुसरं काम नाही.’”

“चालते, लिहिलंय की नाही? मी रडण्याला नावं ठेवली नव्हती. रिकाम्या हातांना ठेवली होती.”

वहिनीनं वही मिटली. ती ओळ मी वागवली होती. सात दिवस. माझ्यासमोर उभं राहून त्या बाईनं ती उतरवून घेतली होती, आणि मी फुगून बसले होते की आपलं कौतुक होतंय.

“काढलेलं कुठाय?” मावशीनं विचारलं.

“कशाला?”

“आण. फेकलं नसशील. नऊ वर्षं लिहिणारी बाई काही फेकत नाही.”

एका कापडी पिशवीत होती ती पानं. मावशी स्टुलावर बसली आणि तिथंच वाचू लागली. दोन गिऱ्हाइकं आली, तिनं हातानंच बाहेरची वाट दाखवली. एका पानापाशी थांबली आणि मोठ्यानं वाचायला लागली, म्हणून मलाही कळलं. थोरली पाळीवर असते. कोणीतरी येऊन सांगतं, तुझी बहीण दारात बसलीय. ती जात नाही. ओल्या चादरी वाळवायच्या रुळांच्या यंत्रात घालत राहते आणि रडते. डोळ्यांतलं पाणी वाळलेल्या चादरीवर पडतं, डाग दिसतो, ती तीच चादर पुन्हा यंत्रात घालते. पुन्हा पडतं, पुन्हा घालते. पाळी संपते तरी तिची एक चादर वाळत नाही.

मावशीनं ते पान वहिनीसमोर धरलं.

“हे काढलंस?”

“तुम्हाला आवडणार नाही वाटलं.”

“मला आवडायला लिहीत होतीस?” मावशी चिडली, पण नेहमीसारखी नाही. “अगं, मी बाह्या आखूड करणारी बाई. मशीन चालवता चालवता टीव्ही बघते आणि तोंडाला येईल ते लिहिते. त्यावर कोणी नऊ वर्षं घालवतं का?”

“दुसरं कोण होतं मला विचारायला?”

मावशीनं सगळी पानं पिशवीत भरली. उरलेली मशीनपाशी बसून वाचते म्हणाली आणि पिशवी घेऊन गेली.

शुक्रवारी ती वेळेवर आली. दुकानदार काउंटरमागे फडकं हातात घेऊन उभा. वहिनी जिन्याच्या खालच्या पायरीवर. मावशीनं लिहिलं आणि लिहिताना खडू दोनदा मोडला. ओळी अशा होत्या:

‘आपल्या वहिनीची कादंबरी वाचली.
माझं मशीन एकदाही थांबलं नाही.
काढून टाकलेली पानंही वाचली. तिथे मी मशीनच बंद केलं.
ती पानं तिनं माझं ऐकून काढली. तिचं चुकलं.
माझंही चुकलं, मी एवढ्या जोरात बोलायला नको होतं.
पुढचं पुस्तक तिनं मला न विचारता लिहावं.’

दुकानदारानं वाचलं. त्याचा चेहरा उतरला.

“पुसा मावशी. दुसरी ओळ तरी पुसा.”

“तूच पूस. फडकं तुझ्याच हातात आहे.”

तो पुढे आला. पण वहिनी मध्ये येऊन उभी राहिली होती. तिनं सहाही ओळी वाचल्या. वही आणली नव्हती. मग मला खिळ्यावरून काढलं, छातीशी धरलं आणि म्हणाली, “पाटी मी वर नेते.”

“आणि लोक काय वाचतील?” दुकानदार म्हणाला.

“वाचायला पुस्तकं आहेत की दुकानात.”

तेव्हापासून मी वर आहे, खिडकीपाशी खुर्चीवर टेकवलेली. खाली काही दिवस लोकांनी विचारलं, पाटी कुठे गेली. मग विचारेनासे झाले. शंभरातल्या सोळा प्रती वाचून परत आल्या, असं ऐकते. बाकीच्या गठ्ठ्यातच आहेत. वाईट वाटतं, पण दोष द्यायचा तर मलाही द्यायला हवा.

वहिनी पाळीवरून आली की माझ्यासमोर बसते. साध्या खडूनं एक वाक्य लिहिते. बघत राहते. पुसते. पुन्हा लिहिते. टिकलं तर कागदावर उतरवते. मावशीची जुनी अक्षरं अजून खालून फिकी दिसतात. परवा वहिनीनं ओलं फडकं घेऊन ती जोरजोरात घासली. निघाली नाहीत. मग तिनं त्यांच्यावरच लिहायला सुरुवात केली.

शुक्रवारी दुपारी मावशी अजून येते, वर येते. जिना चढून दम लागतो तिला. पहिल्या दिवशी सवयीनं चष्मा सावरत ती माझ्याकडे वळली, तशी वहिनी म्हणाली, “वाचायचं नाही हं. तिकडे तोंड करून बसा.”

“म्हणजे काय, मी परकी का?”

“परकी नाही म्हणून तर सांगतेय. बसा तिकडे.”

चौदा वर्षं सगळ्यांना ऐकवणारी ती बाई, खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसली. मांडीवर कोणाच्या तरी कोटाचं अस्तर, हातात सुई.

“किती झालं?” तिनं मागं न बघता विचारलं.

“तुम्हाला काय करायचंय?”

“काही नाही. विचारलं आपलं.”

आता मी दमले आहे. चौकटीचा एक सांधा सुटलाय, टवक्यापासून एक बारीक चीर खाली निघालीय. फार दिवस राहीन असं नाही. तुम्ही सिनेमे बघा, कादंबऱ्या वाचा, नाकं मुरडा, तो तुमचा हक्कच आहे. पण आत्ता इथे वहिनी लिहितेय. थोरलीला बहीण परत आलेली आवडलेली नाही आणि पुढे काय ते अजून वहिनीलाही ठाऊक नाही. तीनदा लिहून पुसलंय, चौथ्यांदा खडू उचललाय. तुम्हीही जरा मावशीशेजारी खुर्ची ओढा आणि तिकडे तोंड करून बसा.