ओव्या गिळल्याचा आळ

"आली बया जात्याची सवत! आमच्या ओव्या गिळायला आली!"

बैलगाडीतून मला उतरवत होते, तेव्हा हे शब्द कानी पडले. पन्नास वर्षे होत आली, तरी ते माझ्या दगडांत घुमतात. मित्रांनो, संतपूरच्या चावडीमागची, पिठाने पांढरी झालेली जुनी गिरणी ती मीच. बोलल्या होत्या गावातल्या एक सासूबाई. त्यांच्या मागे, कडेवर तान्हा राम घेऊन, त्यांची सून सत्यभामा उभी होती. ती माझ्या दगडांकडे टक लावून पाहत होती.

पहिल्या दिवशी बायका ज्वारीच्या टोपल्या घेऊन आल्या, पण दाणे ओतायला कुणाचा हात पुढे होईना. ओवी म्हटल्याशिवाय दळणाला पहिला घास घालायचा कसा? माझे मालक गुंडप्पा यांनी इंजिनाचे हँडल खाली ठेवले. "म्हणा अक्का, ते थांबतंय." मग एकीने लाजत लाजत म्हटले,

पहिला गं माझा घास, देवा तुझ्या नावाचा
दुसरा गं घास बाई, लोखंडाच्या भावाचा

सवत म्हणून उतरले आणि भाऊ झाले! तेव्हापासून रिवाजच पडला. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाने ओवी म्हणायची, मगच माझा पट्टा फिरायचा. असा मान कोणत्या यंत्राला मिळतो, सांगा बरे!

किती लग्नांचे, किती बारशांचे दळण मी दळले. तेलाचे इंजिन गेले, विजेची मोटार आली. दगडांना छिन्नीने टाकी लावताना गुंडप्पा माझ्याशी कन्नडमध्ये बोलत, लेकीशी बोलावे तसे. पण खोटे कशाला बोलू? माझ्या घरघरीने त्यांचे कान नेले. आणि ओव्याही विरत गेल्या. सकाळची ती एक सोडली, तर पोरींना दुसरी येईना.

मागच्या महिन्यात गुंडप्पांची नात सौम्या नौबादहून आली, मोबाईलवर ओव्या टिपायला. चार घरे फिरून रिकामीच परतली. "अज्जा, तुमच्या गिरणीनंच गाणी मारली की!" ती हसत म्हणाली. गुंडप्पांशी सारे ओरडून बोलतात, तशीच तीही बोलली; म्हणून हे त्यांना नेमके ऐकू आले. दिवसभर ते जेवले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "भंगारवाल्याला बोलवा. पाप झालं माझ्या हातनं."

मला भंगाराचे भय नव्हते. पण ज्या हातांनी मला जन्मभर पुसले, त्या हातांना पाप चिकटावे, हे सोसवेना.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या दळणाला रांग लागली. त्यात सत्यभामाबाई होत्या, आता सत्तरीच्या.

"कामून बंद करायलास, अण्णा?"

"ओव्या गिळल्या हिनं, अक्का. खरं हाय का न्हाई, तूच सांग."

बाई काहीतरी पुटपुटल्या.

"आं?" गुंडप्पांनी कानाला हात लावला.

"मोठ्यानं, आत्याबाई!" बाईंची सून स्नेहा हसली. "त्यांच्या कानात बी पीठ बसलंय!"

तेव्हा गुंडप्पांनी कधी केले नव्हते ते केले. दाणे पेटीत असतानाच मोटार थांबवली. बाईंनी एकदा सुनेकडे पाहिले, एकदा सौम्याच्या मोबाईलकडे.

मित्रांनो, यंत्राने भले केले की वाईट, हे यंत्राला विचारू नका. त्याने ज्यांचे हात मोकळे केले, त्यांना विचारा. आणि गाणी तुमची तुम्ही जपा. ते काम आमच्यावर टाकू नका. आमच्या दगडांत तेवढी माया नसते.

सत्यभामाबाईंनी पदर खोचला आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात त्या बोलल्या,

"ओवी ग्वाड व्हती, अण्णा! पण तळहाताला फोड, मांडीवर उपाशी राम. रडू यिऊ न्हाई म्हून गायचो आमी! गिरणी आली, त्या आठवड्यात मी दिस वर येईस्तवर झोपले. लग्नानंतर पयल्यांदा! सासूला वाटलं, ताप आला. मी बी म्हणले, व्हय, ताप हाय. आजवर कुणाला सांगितलं न्हाई. ताप नव्हता, अण्णा. झोप आलती. निस्ती सुखाची झोप!"