आखूड पायाची चौकी

ऐका, चौकी बोलतेय. पोलिसांची नाही हो, लाकडाची. उंची वीतभर, चार पाय, वर सागाची एक फळी. मोठी माणसं मला ठेचकाळतात आणि वर मलाच शिव्या देतात. देऊ देत. ज्यांना माझी खरी गरज असते, त्यांचे दुधाचे दात अजून पडायचे असतात, आणि ती लेकरं शिव्या देत नाहीत.

जबलपूरच्या सदर भागात, एका चर्चच्या मागच्या अंगणात माझा जन्म झाला. जुनं दार बदललं, चौकटीचं लाकूड उरलं. फादर विष्णू सुताराला म्हणाले, "भैया, बच्चों के लिए कुछ बना दो. बालक येशु तक हाथ नहीं पहुँचता."

आत मरियामातेचा पुतळा आहे. तिच्या कडेवर बाळ येशू, आणि बाळाचा एक पाय खाली लोंबतोय. त्या पायाचा अंगठा धरल्याशिवाय लेकरांना प्रार्थना केल्यासारखं वाटतच नाही. अंगठ्याचा रंग कधीच उडून गेलाय.

विष्णू म्हणजे कामात चोख माणूस. असं तोच सांगतो. माझा चौथा पाय त्यानं बोटभर आखूड कापला. मग इकडेतिकडे पाहिलं, त्याखाली सायकलच्या टायरचा तुकडा ठोकला आणि पानाची पिंक टाकून निघून गेला. बारा वर्षं झाली. मी डुगडुगते. लपवून काय उपयोग?

लेकरांनी त्यावर तोडगा काढला. चढल्याबरोबर अंगठा पकडायचा, नाहीतर आपटायचं. बस.

रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक प्रार्थना, झाली की शकुआजी या लेकरांना धर्मशिक्षण द्यायची. मूळची जालन्याकडची, रेल्वेतल्या नवऱ्यामागे इथं आलेली. शाळेची पायरी चढली नाही. पाठ असलेल्या प्रार्थना आणि प्रार्थनेचं छापील पुस्तक समोरासमोर ठेवून, हा आवाज म्हणजे हे अक्षर, अशी तिशीत एकटीनं वाचायला शिकली. "मला कोणी शिकवलं नाही, मी शिकले!" हे वाक्य दर रविवारी निदान एकदा. मला ती आवडायची. ताठ बाई. कुणाची पाच पैशांची मिंधी नाही.

शिकवताना ती मला खुशाल उलटी करायची. चारही पाय वर! "हे पाहा, प्रार्थनेचे चार पाय. पहिला देवाची स्तुती. दुसरा पश्चात्ताप. तिसरा आभार. आणि मागणं सगळ्यात शेवटी. समजलं?" मागण्यासाठी तिचं बोट बरोबर त्या टायरवाल्या पायावर पडायचं.

एकदा स्वानंदी चढली. नागपूरहून बँकेत बदली होऊन आलेल्या जोडप्याची ही मुलगी, सहा वर्षांची. अंगठा पकडून म्हणाली, "येशू, मी आली. माझ्या बोक्याचा पाय दुखून राहिला. बरा करून दे. चल, बाय."

"बाय?" शकुआजी कडाडली. "देव काय तुझ्या वर्गात आहे का गं? स्तुती कुठं गेली?"

"त्याला माहीत आहे न आजी, तो चांगला आहे ते."

पोरं खिदळली. स्वानंदीनं विचारलं, "तुम्ही काय मागता, आजी?"

"मी माझ्यासाठी काही मागत नाही. पन्नास वर्षांत नाही मागितलं."

"काहून?"

शकुआजीनं मला सरळ केलं आणि वर्ग सुटला म्हणाली.

तिचा उजवा डोळा आठ वर्षांपूर्वीच गेला होता. आता डाव्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन करावंच लागेल, पण हमी देता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तिची लेक नीलिमा माझ्याशेजारी उभी राहून आईला समजावत होती, म्हणून हे मला कळलं.

"आई, फादरला सांगते न. रविवारच्या विनंत्यांमध्ये तुझं नाव वाचतील."

"खबरदार! मागणाऱ्यांच्या रांगेत माझं नाव घालून राहिली का?"

"डोळा गेला तर पुस्तक कसं वाचशील?"

शकुआजीनं पुस्तक उघडून नाकाशी धरलं. एकटीनं कमावलेली अक्षरं होती ती. दुसरी मिळकत तिच्यापाशी नव्हती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी ती एकटीच आली. पहिल्या बाकावर बसली. खणखणीत आवाजात स्तुती केली. पश्चात्ताप केला. आभार मानले, अगदी नवऱ्याच्या पेन्शनीपासून दारातल्या मोगऱ्यापर्यंत. चौथ्या पायाशी आली आणि थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पुन्हा तिथंच अडली. तीनदा असं झालं. शब्दांची काय कमी होती बाईला? पण मागायची सवयच नव्हती.

शेवटी उठून पुतळ्यापाशी आली. पूर्वी तिचा हात जमिनीवरून पोचायचा. आता कंबर वाकली होती. हात वर केला, अंगठा राहिला चार बोटं दूर. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे.

"कुणाला सांगशील तर चुलीत घालीन," ती मला म्हणाली. आणि चढली.

मी डुगडुगले. मुद्दाम नाही, शपथ घेते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई तोल जाऊन पुढं झुकली आणि तिनं बाळाचा अंगठा मुठीत गच्च आवळला. त्या धक्क्यानं पोटातलं बाहेर पडलं.

"मला भीती वाटून राहिली रे. एकच डोळा आहे. तेवढा ठेव माझ्याजवळ."

ना स्तुती, ना आभार. जत्रेत हरवलेलं लेकरू आई दिसल्यावरच भोकाड पसरतं न, तशी रडली. बऱ्याच वेळानं पदरानं तोंड पुसलं. "उद्या ये माझ्यासोबत," म्हणाली. आणि उतरता उतरता, कुणाला सांगू नका, "बाय" म्हणाली.

ऑपरेशननंतर चौथ्या रविवारी ती आली. काळा चष्मा, नीलिमाचा हात धरलेला. स्वानंदीनं रंगीत खडूनं लिहिलेला कागद तिच्या हातात दिला. शकुआजीनं चष्मा काढला, खिडकीपाशी गेली, कागद नाकाला लावला. एकेक अक्षर चाचपत, तिशीत वाचलं असेल तसं वाचलं.

"बोका... बरा... झाला."

प्रार्थनेच्या पुस्तकातलं बारीक अक्षर अजून धूसरच आहे. नव्या नंबरचा चष्मा यायचाय. पण त्या दिवशी तिनं मला उलटी केली आणि टायरवाल्या पायावर बोट ठेवलं. "आजपासून हा पाय पहिला. पोटात असेल ते आधी सांगा. स्तुती मग आपोआप येते."

"मी तर पहिलेपासून तसंच करून राहिली!" स्वानंदी म्हणाली.

"हो गं शहाणे. बस खाली."

परवा माझा टायरचा तुकडा निघाला. विष्णू करवत घेऊन हजर. "चारों पैर बराबर कर देता हूँ, अम्माजी. कोई गिर जाएगा."

"बारह साल बाद याद आई? हाथ मत लगाना!" शकुआजीनं मला ओढून घेतलं. "गिरेगा नहीं. पकड़ेगा."

तेव्हा बाबांनो, मी आहे तशीच राहणार आहे, पूर्वीपेक्षा जरा जास्तच डुगडुगत. कधी सदरकडे आलात तर या. पांढऱ्या केसांचीही लाज धरू नका. दुपारी इथं कुणी नसतं, आणि मी कुणाला सांगत नाही. म्हणजे, एरवी सांगत नाही. चढा, आणि मी हलले की घाबरू नका. समोरच अंगठा आहे.