एका वाघरीत दोन कळप

मित्रांनो, दांडी फिरवली की खडखडत आकडेमोड करणारं मी जुनं लोखंडी यंत्र. नगरजवळच्या एका मेंढी-पैदास केंद्रात माझी उमेदीची वर्षं सरली. मेंढरांच्या रक्ताचे प्रकार मोजायचे आणि कळपाची वीण निरोगी आहे का ते सांगायचं, हे माझं काम. सगळे मला मान देत.

मग एकाहत्तर साली पुण्याच्या कॉम्प्युटरचं वेड आलं. भोकं पाडलेली कार्डं पाठवायची, उत्तर छापून येई. मला त्या कार्डांचा मनस्वी राग होता.

त्या उन्हाळ्यात खर्ड्याच्या मेंढपाळ दगडाबाईंचा आणि संगमनेरच्या भिमाजींचा असे दोन कळप एकाच शेतात लेंडीखतासाठी बसले होते. वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, एकच. तिथेच सगळ्यांचं रक्त घेतलं. पुण्यात दोन प्रोग्राम होते. एक सगळं रक्त एकाच कळपाचं धरी. दुसरा कळपवार हिशेब करी, पण त्याला प्रत्येक कार्डावर कळपाची खूण लागे.

"साहेब, दुसरा घेऊ," संशोधक सहादेव म्हणाले. "वाघर एक असली तरी नरांच्या पोटाखाली कापड बांधलेलं होतं. एकाचा नर दुसऱ्याच्या मेंढीला लागत नाही."

"आता तू मला मेंढरं शिकव!" केंद्रप्रमुख आबासाहेब कडाडले. "कार्डं पुन्हा कोण पाडणार, तुझा आजा?"

पहिलाच प्रोग्राम चालला. एका कळपात एक रक्त जास्त, दुसऱ्यात दुसरं. साहजिकच दोन्ही एकच कळप धरल्यावर मिश्र रक्ताची मेंढरं अपेक्षेपेक्षा कमी भरली. प्रोग्रामने त्याचा अर्थ लावला, नात्यातल्या नात्यात वीण चालू आहे. केंद्राच्या पैदास योजनेतल्या कळपांवर साहेबांचा हुकूम चाले. हुकूम सुटला, जुने नर खच्ची करा.

सहादेवांनी माझ्यावर दोन्ही कळपांचा वेगळा हिशेब केला. दोन्ही निर्दोष निघाले.

"कुठं पुण्याचं मशीन, कुठं हा डबा!" साहेबांनी मला फडताळावर ढकललं.

दगडाबाई मेंढ्याची शिंगं धरून साहेबांच्या दारात उभ्या राहिल्या. "माज्या जनावरात काय खोट हाय?"

"मशीननं सांगितलंय."

"मग त्याला म्हनावं, औंदा कोकरं तूच दे!"

तरी खच्ची करायचा चिमटा लागला. मेंढा ओरडला, आणि बाई साहेबांच्या उंबऱ्यावर थुंकून निघून गेल्या.

मित्रांनो, मी शहाणं होतं असं समजू नका. दोन्ही कळपांचे आकडे एकत्र घातले असते, तर मीही तेच खोटं उत्तर दिलं असतं, तेही मोठ्या खडखडाटात. म्हणून मला तेल नाही घातलंत तरी चालेल. पण कुठलंही यंत्र निवडताना ते काय गृहीत धरतं, हे आधी विचारा. चिमटा लागल्यावर विचारून उपयोग नसतो.