चाळीस तासिका

साळूबाईचं बोट कागदावरून सरकत आलं आणि दुसऱ्या ओळीपाशी थांबलं.

"मावशी, करा ना सही," दैवशाला म्हणाली. "आपला नंबर येऊन राह्यला."

"वाचून घेते की."

दैवशालाने पेनाचं टोपण काढून पेन तिच्या हाताशी धरलं. व्हरांड्यातल्या बाकांवर डझनभर बाया-माणसं बसली होती आणि प्रत्येकाला चिकटून बी.एड.चा एकेक विद्यार्थी, मांडीवर फाईल घेऊन. प्रौढांना इंग्रजी शिकवण्याचं प्रात्यक्षिक होतं. एका प्रौढाला चाळीस तासिका शिकवायचं, शेवटी त्याने इंग्रजी फॉर्मवर सही करायची आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे दोन वाक्यं बोलून दाखवायची. हे अभ्यासक्रमात होतं. कॉलेजात असं होतं की माणूस परीक्षेच्या दिवशी धरून आणायचा, त्याच्याकडून 'माय नेम इज' घोकून घ्यायचं आणि फाईल मागच्या वर्षीच्या फाईलवरून उतरवायची. सगळ्यांना माहीत होतं. परीक्षकांनाही होतं. ते स्वतः असंच पास झाले होते.

दैवशालाने खरंच शिकवलं, एवढाच तिचा वेडेपणा. अकरा दिवस, दुपारच्या सुट्टीत, जुन्या जालन्यात साळूबाईच्या उंबऱ्यावर बसून. साळूबाई बियाण्याच्या कंपनीत पाकिटं भरायची. मराठी चौथीपर्यंतची, इंग्रजीचा मात्र गंध नाही. दैवशालाने पुस्तकातलं सफरचंद बाजूला ठेवलं आणि पाकिटांवरचे शब्द घेतले, नोटिशीतले घेतले, अक्षरी आकडे घेतले. बाराव्या दिवशी साळूबाईची पाळी बदलली. उरलेल्या एकोणतीस तासिका दैवशालाने घरी बसून भरल्या, तारखा-बिरखा टाकून. त्याचं तिला काही वाटलं नव्हतं. बाकीच्यांनी तर चाळीसच्या चाळीस भरल्या होत्या.

"ताई, हे बघा." साळूबाईचं बोट शब्दाखाली होतं. "एफ, ओ, आर. फॉर. मंग टी, वाय."

"फॉर्टी."

"म्हंजे चाळीस."

"हं."

"कशाचे चाळीस?"

दैवशालाने शेजारी बघितलं. भार्गवी तिच्या माणसाला वाक्य घोकवत होती. कडूबा त्याचं नाव, भार्गवीच्या वडिलांच्या ऑफिसातला वॉचमन. तो वाक्य मधेच सोडून इकडे कान देऊन बसला होता.

"दिवस आहेत ते," दैवशाला हळू म्हणाली. "शिकलात तेवढे."

"आपुन अकराच दिस बसलो."

"मावशी, हे नुसतं कॉलेजचं आहे. यात तुमचं काय जातंय?"

साळूबाईने पहिल्यांदा मान वर केली.

"मागल्या कंपनीतला साहेब बी असंच म्हनला होता. कर सही, तुझं काय जातंय. इंग्रजीतला कागद होता. मी केली. मंग कळलं, मीच राजीखुशीनं काम सोडलं म्हून लिव्हेल होतं त्याच्यात. नऊ वर्साचं काम." तिने कागद मांडीवर सपाट केला. "त्याच्यासाठीच तर आल्ते तुमच्याकडं."

हे तिने अकरा दिवसांत कधी सांगितलं नव्हतं. दैवशालाने विचारलंही नव्हतं. प्रश्नावलीत 'शिकण्याचा उद्देश' असा रकाना होता, तिथे तिने 'आत्मविकास' लिहून टाकलं होतं.

राधेश्याम सर आतल्या खोलीतून बाहेर आले. प्रात्यक्षिक त्यांच्याकडे होतं.

"काय दैवशाला, चाळिसावी तासिका इथंच घेऊन राह्यलीस का?"

कुणीतरी हसलं.

"सर, ह्याच्यात चुकलंय," साळूबाई म्हणाली.

"बाई, तुम्ही शिकायला आल्ता का तपासायला?"

"शिकायलाच आल्ते."

सरांचं हसू तिथेच राहिलं. त्यांनी दैवशालाला खांबाआड नेलं, खिशातून घडी केलेला कोरा फॉर्म काढला आणि तिच्या फाईलवर ठेवला.

"तूच कर तिची सही. तिला म्हण, जा घरी. आत मी सांगतो, तब्येत बिघडली."

"त्या अकराच दिवस आल्यात सर. खरं आहे ते."

"खरं मला पण माहीत आहे. चाळीसला एक जरी कमी पडली ना, तर पुन्हा पुढच्या वर्षी. मंठ्याची शाळा थांबणार का तुझ्यासाठी?"

मंठ्याच्या इंग्रजी शाळेत तिची जागा जूनपासून पक्की होती, निकाल हातात असला तरच. आणि भावाने दिवाळीतच सांगून टाकलं होतं, औंदा झालं तर झालं, न्हाईतर खोली सोड आणि सामान घेऊन घरी ये. सरांना हे तिनेच सांगितलं होतं, कधीतरी रडताना.

ती बाकावर परत आली. कोरा फॉर्म वर, पेन हातात. एक सही. साळूबाईची मराठी सही तिने तीनदा बघितली होती, सोपी होती, शेवटचा काना लांब ओढलेला. तिने पेन टेकवलं.

साळूबाई तिच्याकडे बघतच नव्हती. तिने तिसरी ओळ धरली होती. अडलं की ती मागे जायची, अक्षर बोटाने दाबायची, ओठ हलवायची, पुन्हा पुढे. उंबऱ्यावर बसायची तशीच बसली होती.

दैवशालाने कोरा फॉर्म चुरगाळला. साळूबाईच्या मांडीवरचा कागद ओढून घेतला, 'फॉर्टी'वर आडवी रेघ मारली आणि वर इंग्रजीतच लिहिलं, 'इलेव्हन'. रेघ इतकी जोरात बसली की कागद थोडा फाटला.

साळूबाईने तो परत घेतला. नवा शब्द वाचला. मग पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळा कागद पुन्हा वाचला. घाई म्हणून केली नाही. आणि सही केली. इंग्रजीत, एकेक अक्षर सुटं.

"वर्ष गेलं तुझं," सर शांतपणे म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं.

शिपायाने दारातून नाव पुकारलं. दैवशाला उठली. साळूबाईही पदर सारखा करून उठली, तेवढ्यात कडूबाने हात आडवा धरला. हातात त्याचा फॉर्म होता.

"बाई, माझ्यात काय लिव्हलंय तेवढं सांगून जा."

"काका, राहू द्या ना," भार्गवी म्हणाली. "आपलं सगळं बराबर आहे."

कडूबाने हात खाली घेतला नाही. साळूबाई वाकली. तिला फार वेळ लागला नाही.

"चाळीस दिस शिकले म्हनं तुमी."

कडूबा कागदाकडे बघत राहिला.

"मला तर आज सकाळी गाडीवर बसवून आणलं," तो म्हणाला. कुणाला असं नाही, नुसतंच.

पलीकडच्या बाकावरच्या बाईने शेजारच्या पोराच्या फाईलमधून आपला कागद काढला. पोराने तो धरून ठेवला. बाईने सोडला नाही. मग तिच्या मागची बाई उठली.

"दैवशाला, आत जा आधी," सर म्हणाले. "जल्दी. यांना घेऊन जा आत."

दारातून शिपाई पुन्हा ओरडला.

"दोन मिनिटं थांबा म्हणावं," दैवशाला म्हणाली, आणि परत बाकावर बसून, सरकून तिने साळूबाईला बसायला जागा केली.