पुलाचे बोल्ट

‘पाय घसरून पडल्याने मृत्यू’ एवढेच त्या अहवालात लिहिले होते. जालना एमआयडीसीतील सळया बनवणाऱ्या एका री-रोलिंग मिलमध्ये, देखभाल विभागात, मी एकतीस वर्षे काढली. ‘यंत्र बंद पडले’ एवढाच मजकूर असलेला कागद मी कोणाकडूनही कधी स्वीकारला नाही. बंद पडणे हा परिणाम असतो. कारण निराळे असते. मग स्वतःच्या मुलीच्या बाबतीत मी तो कागद कसा स्वीकारावा?

अर्पिता वनस्पतिशास्त्र शिकली होती. अंदमानात समुद्रालगतच्या एका राष्ट्रीय उद्यानातील वनस्पतींच्या नोंदी ठेवण्याचे काम तिला मिळाले. ती निघाली तेव्हा मी तिला मिलमध्ये वापरतात तसे, बोटांवर पोलादी टोपी असलेले बूट दिले. माझेही तेच होते. जंगल म्हणजे साप, एवढीच माझी समजूत. देण्यापूर्वी ओट्यावरच्या फरशीवर यंत्राचे तेल ओतले आणि तिला बूट घालून त्यावरून चालायला लावले.

“बाबा, तिथं काय तेलाची विहीर हाये का?” ती हसून म्हणाली होती.

बूट तसूभरही घसरले नाहीत. माझे समाधान झाले. पाच महिन्यांनी ती ओढ्यावरच्या लाकडी पुलावरून खाली खडकांवर पडली.

त्या गोष्टीला दोन वर्षे झाली. यंदा मी एका सहल कंपनीकडे नाव नोंदवले, ते केवळ त्या उद्यानाची एक दिवसाची फेरी कार्यक्रमात होती म्हणून. पुलाचा एखादा बोल्ट ढिला असणार, याची मला खात्री होती. माझी पत्नी दैवशाला आली नाही.

“आवं, पूल पाहून काय करणार तुमी?”

“कारण सापडेल.”

ती धपाटे बांधून देत राहिली.

उद्यानाच्या फाटकाशी गाइडने प्रत्येकाला पाय उचलून बुटाचा तळ दाखवायला सांगितले. माझ्यापाशी येताच त्याने मान हलवली. “अंकल, ये नहीं चलेगा.” त्याने मला खोल खाचांच्या तळाचे रबरी बूट दिले. माझे बूट मी पिशवीत टाकले. मन पुलाकडे लागले होते, म्हणून कारण विचारले नाही.

वाट अंधारी होती. भर दुपारी पानांतून पाणी ठिबकत होते. समुद्र कुठेतरी जवळच आदळत होता, पण दिसत नव्हता. जालन्याच्या माणसाला एवढे हिरवे एका वेळी सोसत नाही. छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटते.

पूल आला. मंडळी छायाचित्रे काढू लागली. मी गुडघ्यांवर बसलो आणि घराच्या किल्लीने एकेक बोल्ट ठोकून पाहू लागलो. ढिला बोल्ट बद्द वाजतो.

“काय हो भाऊ, पूल इकत घेऊन राह्यले का?” आमच्या गटातील मंठ्याच्या पुष्पाबाई म्हणाल्या. “बराबर ठोकून घ्या. मंठ्याच्या बाजारात मडकं घेतेत तसं!”

सगळे हसले. मी मोजत राहिलो. बोल्ट चोवीस. चोवीसही खणखणीत वाजले. फळ्या भक्कम होत्या, कठडा कमरेच्या वर होता. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चोवीसही तसेच वाजले.

मंडळी पुढे गेल्यावर मी गाइडला विचारले, दोन वर्षांपूर्वी इथून एक मुलगी पडली, ती कशी? फळीवरून त्याने बोट फिरवले. बोटावर हिरवा, चिकट थर आला.

“काई है, अंकल. वो मॅडम फोटो के लिए रेलिंग पे चढ़ी थी, पैर निकल गया. जूते कंपनीवाले थे. आपके जैसे.”

मी तळ तेलावर तपासला होता. ज्या मुलखात शेवाळ केवळ हौदाच्या तळाशी दिसते, तिथला मी माणूस. वाटेवर शेवाळ असते, हे माझ्या तपासणीत कुठेच नव्हते.

परतीच्या प्रवासात मी एकच वाक्य जुळवत होतो : ‘एक बोल्ट ढिला होता.’ आयुष्यातील पहिला खोटा अहवाल. जालन्याशेजारी बदनापूरला घरी पोहोचेपर्यंत ते मला तोंडपाठ झाले होते.

दैवशालाने पाणी दिले. मी तोंड उघडले.

“एक बोल्ट...”

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. तिने पिशवीतून माझे बूट काढून ओट्यावर ठेवले. “पोरीनं फोनवर सांगितल्तं मला. बूट लई घसरतेत म्हणली. म्या म्हणलं, दुसरे घे. तर म्हणली, घेते, पन बाबाला सांगू नको, त्यांनी लई तपासून देलेत.”

“दोन वर्षं तुला माहीत होतं?”

“तुमी बोल्ट हुडकून राह्यल्ते. म्हणलं, हुडकू द्यावं.”

ती आत गेली. मी ओट्यावरच बसून राहिलो. फरशीवर त्या तेलाचा डाग अजून होता. तो पुसावा, असे दोन वर्षांत आमच्यापैकी कोणालाच वाटले नव्हते.