थोरलीच्या पानाची लव

मित्रांनो, मी एक जुनं खुरपं आहे. लोहाराने मला ठोकून आकार दिला तेव्हा ‘झकास!’ म्हणाला, त्यानंतर माझं कौतुक कोणी केल्याचं आठवत नाही. पण बाईंच्या तळव्याने माझी मूठ गुळगुळीत झाली, तेही काही थोडं नाही.

बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. रस्ता रुंद करताना उखडली जाणारी पिवळी रानफुलं त्यांनी मुळासकट आणून अंगणात लावली. पुढे ती बाहेर कुठेच दिसेनात. बाई त्या जातीला थोरली म्हणत. मागोमाग तिची चुलत बहीण, धाकटी, न बोलावता आली. दोघी सूर्यफुलाच्या कुळातल्या. आपण ज्याला एक फूल म्हणतो, ते या कुळात एका देठावर दाटीने राहणारं इवल्या फुलांचं एकत्र कुटुंब असतं. भांडणं मात्र ऐकू येत नाहीत. दिसायला दोघी सारख्या. थोरलीच्या पानाखाली मऊ लव, धाकटीचं पान गुळगुळीत. थोरलीचं मूळ खोल, धाकटीचं वरवरचं. पण पसरते अशी, की थोरलीला श्वास घेऊ देत नाही.

बाईंची नजर गेली, तरी काही अडलं नाही. पानाखाली बोट फिरवायचं. लव लागली तर सोडायचं, नाहीतर मला कामाला लावायचं.

एकदा सुनेने त्यांचे हात पाहिले. “आई, काय दशा केलीत ही! हे हातमोजे घाला. आतून कसे मऊ आहेत बघा.”

“अगं, यातून मला कळत नाही.”

“होईल सवय. नाहीतर खुरपं लपवून ठेवीन हं!”

सून मायाळू, तिथेच तर पंचाईत झाली. बाईंनी हातमोजे घातले.

आणि काय आश्चर्य, प्रत्येक पानाखाली लव! “थोरली पसरली गं!” बाई लहान मुलीसारख्या हरखल्या. उपटायला काही उरलंच नाही. मी नळामागे गंजत पडलो... नाही, पडलं. खुरप्याचं लिंग कोण विचारतो! अंगण पिवळंधमक झालं. येणारा-जाणारा वाहवा करायचा. मला सगळं दिसत होतं, पण खुरप्याला धार असते, जीभ नसते.

एका सकाळी घाम पुसायला बाईंनी हातमोजा काढला आणि सहज पान चाचपलं. गुळगुळीत. शेजारचं. गुळगुळीत. गुडघ्यांवर रांगत त्या भिंतीपर्यंत गेल्या. लव हातमोज्यातली होती.

“आई, काय झालं?”

“काही नाही गं. माझं खुरपं दे.”

मित्रांनो, आपल्या माणसांची काळजी जरूर घ्या. फक्त त्यांचे हात झाकण्याआधी, त्या हातांना काय दिसतं ते विचारा.

आता आम्ही रोज खणतो. सूनही उघड्या हातांनी शेजारी बसते. एखादं खोल मूळ जिवंत असेल, अशी बाईंना आशा आहे. अजून तरी माझ्या पात्याला लागलेलं नाही.